मॅरो धरायचा तर होळीपासून उलटं मोजा

वाचकाचं पत्र

पुण्यात वारज्याला आमच्या गच्चीवर ५० लिटरच्या तीन ग्रो बॅगा आहेत. दिवाळीचा पसारा आवरल्यावर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यांत हिरव्या झुकिनीच्या बिया लावल्या. भाजी लावायची ही माझी पहिलीच वेळ. जानेवारीच्या सुरुवातीला पाच-सहा कोवळी फळं मिळाली. मग संक्रांतीला आम्ही गावी गेलो, दहा दिवस शेजारच्या काकूंनी पाणी घातलं. परत येऊन बघते तर पानांखाली वरवंट्याएवढं फळ! ते तसंच ठेवलंय. आता ३२ सेंटिमीटर लांब आहे, वजन दीड किलोच्या आसपास असावं. याला मॅरो म्हणतात आणि परदेशात मोसम संपताना असे मॅरो काढून महिनोन्‌महिने ठेवतात, असं व्हिडिओत पाहिलं. मलाही आठ-दहा मॅरो धरायचेत. पण फेब्रुवारी लागलाय, नवीन फळं बोटाएवढी होऊन पिवळी पडतात, दोन फळांचं टोक काळं झालंय आणि पानांवर पांढरं दिसतंय. फार उशीर झाला का? मॅरो कधी काढायचा, कसा ठेवायचा? आणि याचंच बी पुढच्या वर्षी लावलं तर चालेल का?

एक वाचक, वारजे

उत्तर

तो वरवंटा आजच काढा, बाकीचं नंतर वाचा.

झुकिनीचं फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत १५ ते २० सेंटिमीटरचं कोवळं फळ तयार होतं. तेच फळ तीन-चार आठवडे झाडावर राहिलं की मॅरो होतो. झुकिनी आणि मॅरो ही एकाच जातीच्या भोपळ्याची दोन वयं आहेत, असं समजा. तुमचं फळ संक्रांतीच्या आसपास धरलेलं दिसतंय, म्हणजे त्याचे तीन आठवडे भरले. फळात बी भरायला लागलं की झाडाच्या दृष्टीनं त्याचं काम झालेलं असतं आणि ते नवीन मादी फुलं काढण्यात हात आखडता घेतं. ज्या झाडावर हे फळ आहे त्यावर गेल्या दोन आठवड्यांत नवीन फळं कमीच लागली असतील. फळ काढल्यावर आठ-दहा दिवसांत झाड पुन्हा फुलांवर येईल, अर्थात शेंडा निरोगी असेल तर.

आता उशिराबद्दल. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ थंड देशांतले आहेत. तिकडे वसंतात लावलेला मॅरो शरदात काढतात, कारण पुढे दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं आणि एका रात्रीत झाड काळं होतं. आपल्याकडचा मोसम दुसऱ्या टोकानं संपतो. पुण्याची थंडी झुकिनीला फारशी नडत नाही. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली गेला की वाढ मंदावते, एवढंच. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) शेजारी असल्यामुळे वारज्याच्या रात्री मगरपट्टा किंवा चिंचवडपेक्षा गारच असतात, त्यामुळे तुमची झाडं डिसेंबर-जानेवारीत जरा रेंगाळली असतील. त्यांना संपवतं ते ऊन. झुकिनीला दिवसाचे १८ ते २७ अंश मानवतात. फेब्रुवारीत दुपार ३२ पर्यंत जाते, मार्चमध्ये ३५ च्या पुढे, आणि गच्चीच्या फरशीवर त्याहून बरंच जास्त. उष्णता वाढली की नर फुलं वाढतात, मादी कमी होतात, परागकण निकामी होऊ लागतात. पांढरी माशी आणि फळमाशीही तेव्हाच जोर धरतात.

तेव्हा हिशेब उलटा करायचा. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात. होळीची तारीख दर वर्षी मागंपुढं होते, म्हणून आपण १० मार्च हा शेवट धरू. मॅरोला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे जे फळ १० ते १५ फेब्रुवारीपर्यंत धरेल, त्याचाच मॅरो होईल. त्यानंतर धरलेलं प्रत्येक फळ कोवळंच काढायचं, कितीही मोह झाला तरी. उशीर झालाय, पण दारं बंद झालेली नाहीत. हातात आठवडा-दीड आठवडा आहे.

आठ-दहा मॅरो मात्र विसरा. ५० लिटरच्या बॅगेतलं झाड एका वेळी दोन मॅरो नीट पोसतं, आणि तेही १०-१२ धडधाकट हिरवी पानं असतील तर. तीन झाडांचं मिळून असं ठरवा: ज्याचा मॅरो आज काढताय, त्याला आता फक्त कोवळ्या फळांसाठी ठेवा. उरलेल्या दोनांपैकी ज्याचा बुंधा जाड आणि शेंडा टवटवीत आहे, त्यावर दोन फळं राखा. तिसऱ्यावर एक. बाकी सगळं १५ सेंटिमीटरला काढत राहा, दोन दिवसांआड. हातातला धरून चार मॅरो झाले. तीन बॅगांतून चार मॅरो आणि वर पंधरा-वीस कोवळी फळं मिळाली, तर पहिल्याच वर्षी तुमचं झकास चाललंय असं आम्ही म्हणू.

राखायचं फळ निवडताना घाई नको. मादी फूल गळून गेल्यावर फळ सरळ आणि दोन्ही टोकांना सारखं जाड होतंय का ते तीन-चार दिवस बघा. देठाकडे जाड आणि फुलाकडे निमुळतं, असं फळ नीट फळलेलं नसतं. ते ठेवून उपयोग नाही, आमटीत टाका. निवडलेल्या फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधा. घरात दुसरं कोणी भाजी काढत असेल तर हा दोरा फार कामाला येतो.

आता बोटाएवढी होऊन पिवळी पडणारी फळं. नवशिक्यांची निम्मी पत्रं याच तक्रारीची असतात, आणि बहुतेकांनी तोवर खतं घालून घालून बॅग खारवलेली असते. खताचा इथे संबंध कमी. झुकिनीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. नर फूल लांब, बारीक दांड्यावर. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासूनच असतं. फूल उमलल्यावर परागकण पोचले तर ते फळ वाढतं, नाही पोचले तर तीन-चार दिवसांत फुलाच्या टोकाकडून पिवळं पडून सुरकुततं. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाश्या येतीलच असं नाही. शिवाय हे फूल पहाटे उमलतं आणि दहा-अकराला मिटतं, ऊन कडक असेल तर त्याआधीच. म्हणजे आपण चहा पिऊन, पेपर वाचून गच्चीवर जातो तोवर दुकान बंद.

म्हणून पुढचे दहा-बारा दिवस सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान हे काम हातानं करा. त्याच दिवशी उमललेलं नर फूल दांड्यासकट तोडा. पाकळ्या सोलून टाका, मधला पिवळा दांडा मोकळा होईल. बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. मादी फुलाच्या मध्यभागी तीन भागांत विभागलेला चिकट गड्डा असतो. त्याच्या तिन्ही भागांवर हलक्या हातानं पूड लावा. एकाच बाजूला लावली तर फळ वाकडं होतं. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. दव असेल किंवा पाकळ्या ओल्या असतील तर पंधरा मिनिटं थांबा, भिजलेली पूड गोळा होते आणि वाया जाते. झाडावर वरून पाणी शिंपडायची सवय असेल तर ती सकाळी तरी बंद.

कधी मादी फूल उमलतं त्या दिवशी आपल्या झाडावर नर फूलच नसतं. तेव्हा दुसऱ्या बॅगेतल्या झुकिनीचं चालतं. शेजारच्या दुधीचं चालत नाही; कूळ एकच असलं तरी त्याची जात वेगळी, आणि ते पांढरं फूल संध्याकाळी उमलतं.

टोक काळं पडलेली फळं हा वेगळा प्रकार आहे, आणि त्याचं मूळ त्या दहा दिवसांत दिसतं. न फळलेलं फळ लहानपणीच पिवळं होतं. पण फळ १० सेंटिमीटरपर्यंत नीट वाढलं आणि मग टोकाला तपकिरी-काळा, आत दबलेला, चामड्यासारखा डाग आला, तर फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही असं समजा. मातीत कॅल्शियम असतंच बहुधा, पण ते पाण्याबरोबर चढतं. एक दिवस बॅग कोरडी ठक्क, दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं झालं की टोक उपाशी राहतं. काकूंना बोल लावू नका. दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन पाणी घालणारं माणूस एकदम भरपूर घालतं, हे ठरलेलंच. काळी टोकं असलेली फळं काढून टाका आणि पाणी नियमित करा. पुढची दोन-तीन फळं तशीच आली तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पाण्यात विरघळवून प्रत्येक बॅगेला एक लिटर द्या, आठवड्यानं एकदा पुन्हा. अंड्याची टरफलं कुस्करून घालायचा सल्ला कोणीतरी देईलच. ती कुजून कामाला येईपर्यंत तुमचा मोसम उलटलेला असेल.

काळ्या टोकावर ओलसर बुरशी आणि तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसले, तर वाळलेलं फूल फळाला चिकटून कुजलंय. फळ मोठं व्हायला लागलं की टोकाचं सुकलं फूल हातानं अलगद काढत जा. आणि फळावर बारीक छिद्र, त्यातून डिंकासारखा थेंब दिसला तर ती फळमाशी. आत अळ्या असतात, फळ वाचत नाही. ते मातीत पुरू नका, कचऱ्यात उघडंही टाकू नका. पिशवीत बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग टाका. राखलेल्या मॅरोला पहिले दहा-बारा दिवस, साल कोवळी असेतोवर, जुन्या सुती ओढणीच्या तुकड्याची सैल पिशवी घाला. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचा सापळा मिळतो, घेताना वेलभाज्यांचा, म्हणजे क्यू ल्यूरचा मागा. आंब्याचा वेगळा असतो.

पानांवरचं पांढरं. औषध आणण्याआधी बोटानं पुसून बघा. झुकिनीच्या बऱ्याच वाणांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी ठिपके जन्मतःच असतात. ते पुसले जात नाहीत, आणि ते रोगाचे नाहीत. बोटाला पिठासारखं लागलं तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. फेब्रुवारीत ती येतेच, कारण दिवस कोरडे आणि रात्री गार असं तिला आवडतं. तिला पावसाची गरज लागत नाही. तळची दोन-तीन जास्त पांढरी पानं काढून टाका, पण एका वेळी एकूण पानांच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. पान नसेल तर मॅरो कशावर वाढणार? दांडा बुंध्याला खेटून कापू नका, चार बोटं सोडा. तो पोकळ असतो आणि जखम खोडापर्यंत कुजत जाते. उरलेल्या पानांवर १०० मिली दूध आणि ९०० मिली पाणी असं मिश्रण, पानाच्या दोन्ही बाजूंना, पाच-सहा दिवसांच्या अंतरानं फवारा. दूध साय काढलेलं घ्या, वास कमी येतो. वेळ अकराच्या सुमाराची, म्हणजे फुलं मिटलेली असतात आणि ऊनही असतं. यानं झालेली भुरी जात नाही, पसरणारी थांबते, आणि आपल्याला हवेत फक्त चार-पाच आठवडे. पाण्यात मिसळायचं गंधक भुरीवर चांगलं, पण ३० अंशांच्या वरच्या दुपारी ते या कुळाची पानं भाजतं. डिसेंबरात ठीक होतं. आता गच्चीवर नको.

एखाद्या झाडाची नवीन पानं आखडून चिंध्यांसारखी बारीक झाली, त्यांवर हिरवे-पिवळे चट्टे आले आणि फळांवर टेंगळं उठली, तर तो विषाणू आहे. त्यावर उपाय नाही. झाड उपटा, कातर साबणानं धुवा आणि मगच दुसऱ्या झाडाला लावा. मावा आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून दोन पिवळे चिकट कार्ड पानांच्या उंचीवर आताच टांगून ठेवा.

पाण्याचं प्रमाण ‘रोज एक मग’ असं ठरवता येत नाही. तरी अंदाज हवा तर सध्या प्रत्येक बॅगेला सकाळी ३ ते ४ लिटर, फेब्रुवारीच्या शेवटी ५ लिटर, दोन वेळा विभागून. दोन पेरं बोट मातीत घाला. खाली ओल लागली तर थांबा. दुपारी दोनला पानं मान टाकतात, ते बघून पाणी घालायला धावू नका. इतकी मोठी पानं उन्हात मान टाकतातच. संध्याकाळी सहाला उभी राहिली तर सगळं ठीक. सकाळी उठल्या उठल्या मान खाली असेल, तेव्हा काळजी करा: एक तर माती खरंच कोरडी आहे, नाहीतर तळाची भोकं बुजून मुळं सडतायत. सोसायटीला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा बॅगेखालून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं घाला आणि त्या आठवड्यात खत देऊ नका.

बॅगा फरशीवरून उचलून विटांवर ठेवा आणि बाजूनं गोणपाट गुंडाळा. काळ्या प्लॅस्टिकला दुपारी हात लावून बघितलात तर कारण कळेल. १५ फेब्रुवारीनंतर साडेबारा ते चार या वेळात ३५ टक्के सावली देणारी हिरवी नेट वर ओढा, पण सकाळी काढा. नेटखाली मधमाशी येत नाही. मातीवर दोन बोटं जाडीचा वाळला पालापाचोळा घाला.

खताचं थोडक्यात: शेणखत, नीमपेंड, युरिया यांतलं काहीही आता नको. नत्रानं पानंच वाढतील. १३:००:४५ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, प्रत्येक बॅगेला एक लिटर, दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा द्या. ज्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट दिलं त्या आठवड्यात हे नाही. बास.

मॅरो जमिनीला टेकला तर खालची बाजू फरशीच्या उष्णतेनं भाजते किंवा ओलीनं कुजते. त्याखाली चिंध्यांची चुंबळ ठेवा, पूर्वी हंड्याखाली डोक्यावर ठेवायचे तशी. काथ्याची चालते. फळ बॅगेच्या काठावरून लोंबत असेल तर देठाला ताण पडू नये म्हणून खाली उलटी कुंडी ठेवून तिच्यावर चुंबळ. बुंधा कलंडला असेल तर तीन फुटी बांबू रोवून सुती पट्टीनं सैल बांधा. झुकिनीचा बुंधा पोकळ असतो, सुतळी त्यात रुतते.

मॅरो तयार झाला हे कसं ओळखायचं? लांबीवर जाऊ नका, वाणावाणात फरक असतो, तरी २५ ते ३५ सेंटिमीटर हा साधारण पल्ला. सालीवरची चकाकी जाते आणि रंग मंद होतो. नख टोचून बघा: सहज रुतलं तर अजून कोवळा, जोर लावल्यावर जेमतेम उमटलं तर लगेच खायचा मॅरो, अजिबात उमटलं नाही तर ठेवणीचा. टिचकी मारल्यावर आवाज बसका न येता पोकळ येतो. नख फळाच्या पोटावर न टोचता देठाजवळ टोचा, कारण ठेवणीच्या फळाला तीच जखम नडते.

काढताना पिळू नका. देठाबरोबर बुंध्याची सालही सोलून येते आणि तिथून झाड कुजतं. धारदार कातरीनं ४-५ सेंटिमीटर देठ ठेवून कापा. सकाळी, दव सुकल्यावर. नंतर देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की त्या जागेतून बुरशी आत शिरते. धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. मग वारा खेळता आहे अशा सावलीत, जाळीच्या रॅकवर किंवा बाजेवर, एकमेकांना न लागता आठ-दहा दिवस ठेवा, रोज एकदा फिरवा. परदेशात हे उन्हात करतात. आपलं फेब्रुवारीचं ऊन साल भाजतं, म्हणून सावलीच.

यानंतर तो किती टिकेल? थंड देशात १०-१५ अंशांच्या खोलीत दोन-तीन महिने. पुण्याच्या मार्चात, ३० च्या वरच्या स्वयंपाकघरात, तीन-चार आठवडे धरा. त्यातही ज्याला नख लागत नव्हतं तोच. तुमचा तीन आठवड्यांचा पहिला मॅरो बहुधा ठेवणीचा नाही, तो या आठवड्यात खाऊन टाका. कापलेला तुकडा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो.

कापल्यावर पहिलं काम चवीचं. देठाकडची पातळ चकती जिभेच्या टोकाला लावा. कडू लागली तर थुंका आणि फळ पूर्ण टाकून द्या, थोडासुद्धा भाग वाचवू नका. या कुळातला कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. शिजवून ती जात नाहीत, मसाल्यानं झाकली जातात एवढंच, आणि त्यांनी उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनं कडू दुधीच्या रसाबद्दल दिलेला इशारा याच द्रव्यांमुळे होता. फिक्या, किंचित गोडसर चवीचा असेल तर निर्धास्त खा.

दीड किलोचा मॅरो सोलून, मधला कापूस आणि बी खरवडून काढल्यावर किलोभर गर राहतो. चव बेताची आणि पाणी भरपूर, त्यामुळे दुधीसारखी नुसती फोडणीची भाजी केलीत तर निराशा होईल. दोन इंची जाड कडी कापून आत दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं आणि गोडा मसाला भरा. भरली मॅरो वांग्याइतकी नाही, पण जवळ जाते. किसून थालीपिठात घालणार असाल तर किसाला सुटलेल्या पाण्यातच भाजणी भिजवा, मीठ अगदी शेवटी. आणि ऊन चांगलं तापलं की कोहळ्याचे करतो तसे सांडगे करा. एक किलो किस पिळून घ्या, पाव किलो उडदाची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटा, त्यात हिरवी मिरची, जिरं, हिंग आणि मीठ. किस नीट पिळला नाही तर सांडगे दोन दिवसांत आंबतात. उन्हात चार-पाच दिवस खडखडीत वाळले की हे मात्र खरोखर महिनोन्‌महिने टिकतात.

बियांचं उत्तर ‘नको’ असं आहे. एक तर तीन आठवड्यांच्या मॅरोतलं बी पोचट असतं; बियाण्यासाठी फळ सात-आठ आठवडे झाडावर पिकावं लागतं. दुसरं, बाजारात मिळणारी झुकिनीची बहुतेक पाकिटं संकरित वाणांची असतात, त्यांच्या बियांतून आईसारखं झाड येत नाही. शोभेच्या भोपळ्याचा पराग लागला असेल, तर पुढच्या पिढीत वर सांगितलेला कडूपणाही उतरू शकतो.

पुढच्या वर्षी नवीन पाकीट घ्या आणि पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावा. मग डिसेंबरात मॅरो धरायला निवांत वेळ मिळतो आणि जानेवारीच्या गारव्यात ते टिकतातही जास्त. नोव्हेंबरच्या मध्याला दुसरी खेप लावा, ती कोवळ्या फळांसाठी. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आल्यावर हुरूप येतो आणि माणूस बियांची पाकिटं घेऊनच परततो. तेव्हा लावलेल्या झुकिनीवर मॅरोची आशा धरू नका.

मार्चच्या मध्याला झाडं उपटाल तेव्हा मुळं धुऊन बघा. मुळांवर गाठी असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत. ती माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मे चार-पाच आठवडे तापवा आणि जूनमध्ये त्यात झेंडू लावा. मुळं स्वच्छ असतील तर चवळी लावा. काकडी, दोडका, कारलं त्या बॅगांत या पावसाळ्यात नको.